कांजी : ताटातली आणि कापडावरची

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एकाच पानावर दोन मजकूर आले. वरच्या लेखात नवी मुंबईतल्या नव्या उपाहारगृहांत मिळणाऱ्या पूर्व आशियाई न्याहारीची ओळख होती. त्यात तांदळाच्या पातळ पेजेला ‘काँगी’ म्हटले होते आणि हा शब्द चिनी असल्याचे सांगितले होते. खालच्या चौकटीत उन्हाळ्यातल्या सुती साड्यांविषयी सूचना होत्या. साडीला कांजी करतात म्हणून ‘कांजीवरम’ हे नाव पडले, असे तिथे म्हटले होते. शेवटी साड्या कडक कांजी करून कपाटात रचून ठेवाव्यात, असा सल्लाही होता.

वरची ‘काँगी’ आणि खालची ‘कांजी’ हा एकच शब्द आहे. तो चिनी नाही. कांजीवरमशी त्याचा संबंध नाही. आणि कांजी केलेली साडी पावसाळाभर कपाटात ठेवली तर ती खराब होते. पहिल्या दोन चुका शब्दांच्या आहेत, तिसरीने वाचकांच्या साड्या जातील. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

आधी शब्द. तमिळमध्ये तांदळाच्या पेजेला ‘कंजि’ म्हणतात, मल्याळममध्ये ‘कञ्ञि’, तेलुगू आणि कन्नडमध्ये ‘गंजि’. संस्कृतात ‘कांजिक’ आहे, पण त्याचा अर्थ थोडा वेगळा. ते आंबवलेले असते. अमरकोशात कांजिकाचे पर्याय दिले आहेत त्यांत ‘आरनाल’, ‘सौवीर’ आणि ‘धान्याम्ल’ हे आहेत. धान्याम्ल म्हणजे धान्याचे आंबट पाणी, नावातच सगळे आले. उत्तरेकडे हिवाळ्यात काळ्या गाजरांची जी कांजी करतात ती या आंबट अर्थाची वारस. तिच्यात तांदूळ नसतोच, आंबवणे तेवढे उरले आहे. ओडिशात मात्र भाताचे आंबवलेले पाणी आणि भाज्या यांची कांजी अजून होते. म्हणजे दक्षिणेकडे शब्दाने तांदूळ धरला, उत्तरेकडे आंबटपणा धरला. मराठीत रोजच्या जेवणात ‘पेज’ आणि आजाऱ्यासाठी ‘कण्हेरी’ हे शब्द आधीच पक्के होते, त्यामुळे कांजी आपल्याकडे ताटापेक्षा परटाच्या घमेल्यात जास्त राहिली.

गाजराची कांजी ठाण्यातही आता बऱ्याच घरांत होते, पण इथल्या हवेत ती बिघडते ती का, हे सांगायला हवे. अर्धा किलो गाजरे, एक लहान बीट, दोन लिटर उकळून गार केलेले पाणी, दोन मोठे चमचे मोहरीची पूड आणि दोन चहाचे चमचे मीठ एवढे पुरते. दिल्लीच्या थंडीत चार-पाच दिवस लागतात. इथे जानेवारीतही दोन-तीन दिवसांत आंबते. चवीला आंबट आणि नाकाला झणका आला की लगेच फ्रिजमध्ये ठेवायची. गाजरांचे तुकडे पाण्याच्या वर तरंगत राहिले तर तिथे बुरशी धरते, म्हणून रोज एकदा कोरड्या चमच्याने ढवळायचे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, पितळेची वा अॅल्युमिनियमची कधीच नको. पाणी तार सुटल्यासारखे बुळबुळीत झाले तर सगळे टाकून द्यावे.

आता ‘काँगी’. पोर्तुगीज लोकांनी हा शब्द हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उचलला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यात 1563 साली छापला गेला. पटकीच्या रोग्याला मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात आणि त्याला इथले लोक ‘कांजे’ म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. (ज्या रोगासाठी ही कांजी द्यायची त्याचे आपले नाव ‘मोडशी’. ते पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी त्याचे ‘मोर् द शिएँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ करून टाकले. शब्द परक्या कानावर पडला की त्याचे काय होईल सांगता येत नाही.) पोर्तुगीजमध्ये कांजीचे ‘कांजा’ झाले. आज पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये ‘कांजा’ म्हणजे तांदूळ घातलेला कोंबडीचा रस्सा, आजाऱ्याला द्यायचा. ब्राझीलमध्ये एखादे काम अगदी सोपे असेल तर ‘ही तर कांजा’ असेही म्हणतात.

इंग्रजांनीही तो इथेच घेतला. यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली अँग्लो-इंडियन शब्दांचा जो कोश काढला त्यात कांजी आहे. पलटणीच्या कोठडीला सोजीर लोक (गोरे शिपाई) ‘कांजी हाऊस’ म्हणत हेही आहे, कारण कैद्याला खायला पेज मिळे. पुढे हेच युरोपीय लोक मकाव आणि हाँगकाँगला तांदळाची पेज पाहत तेव्हा हिंदुस्थानात शिकलेलाच शब्द तिला लावत. चिनी लोक स्वतः तिला उत्तरेकडे ‘चौ’ आणि कँटनकडे ‘जूक’ म्हणतात. कोरियातही ‘जूक’ आहे. जपानमध्ये ‘ओकायू’. इंग्रजी मेन्यूवरचे ते स्पेलिंग कांजीचेच आहे, आणि ते पुन्हा देवनागरीत आणताना ‘काँगी’ किंवा ‘कॉन्गी’ करण्याचे काही कारण नाही. जपानी लिपीतल्या चित्राक्षरांना ‘कांजी’ म्हणतात तो मात्र निराळा शब्द. त्याचा अर्थ ‘हान लोकांची अक्षरे’, आणि तो आपल्या पेजेत मिसळू नये.

इथवर खाण्याची बाजू झाली. ज्या कारणासाठी हा शब्द मला मोलाचा वाटतो ते कारण दुसऱ्या बाजूला आहे. भाताचे पाणी एका वाटीत प्यायला जाई आणि उरलेले घमेल्यात, धोतराला. मडके एक, पाणी एक, म्हणून दक्षिणेतल्या भाषांत शब्दही एकच राहिला. तेलुगूत ‘गंजि’ पितातही आणि कपड्याला लावतातही, कन्नडमध्येही तेच. दुष्काळात सरकारी अन्नछत्राला तिथे ‘गंजी केंद्र’ म्हणतात, आणि त्याच गावातला धोबी साडीला गंजी घालतो. पूर्वेकडे मलाया आणि इंडोनेशियात शब्द गेला तो मात्र कापडाबरोबर गेलेला दिसतो. मलय भाषेत ‘कांजी’ म्हणजे मुख्यतः खळ आणि ‘मेंगांजी’ म्हणजे कपड्याला खळ करणे. पेजेला त्यांचा स्वतःचा ‘बुबुर’ हा शब्द आहे. पश्चिमेला गेलेल्या कांजीत कोंबडी पडली, पूर्वेला गेलेली कांजी कॉलरवर बसली.

हिंदीत ‘माँड’ दोन्ही कामांना चालते. बंगालीने कामे वाटून दिली आहेत : प्यायचे ते ‘फॅन’, साडीला द्यायचे ते ‘माड’. 1943 च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर उपाशी माणसे दारोदार भात मागत नव्हती, ‘फॅन दाओ’ म्हणत होती. भात मागण्याची आशाच उरली नव्हती. फारसीत ‘आहार’ म्हणजे कापडाची खळ. त्याच शब्दाचा जुना अर्थ अन्न, आणि ‘ना-आहार’, न खाल्लेला, यावरून आज इराणात दुपारच्या जेवणाला ‘नाहार’ म्हणतात. युरोपात खळीच्या शब्दाने खाण्याशी नाते ठेवले नाही. जर्मनमध्ये ‘श्टेर्के’ म्हणजे ताकद आणि खळ दोन्ही. इंग्रजी ‘स्टार्च’ही ताठपणाच्याच मुळातून आला. जिथे भात शिजत नव्हता तिथे खळ स्वयंपाकघरातून आली नाही, मग शब्द तरी तिथून कसा येणार?

मराठीने बंगालीसारखीच वाटणी केली : पोटाला पेज, कापडाला खळ, आणि दोहोंच्या मध्ये कांजी. ‘खळ’ मराठीत कधी खाल्ली जात नाही. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते विष आहे. त्यामुळे दोन शब्द वेगळे असणे सोयीचेच आहे. पण ‘कांजी’चा कपड्याचा अर्थ आता लोकांच्या तोंडून जात चालला आहे आणि त्याचे कारण प्रेशर कुकर आहे. भात वेळून काढायचा तेव्हा रोज लिटरभर पाणी निघे. कुकरमध्ये मोजून घातलेले पाणी भातातच जिरते, वेळायला काही उरत नाही. वस्तू घरात दिसेनाशी झाली की तिचे नावही कुणी घेत नाही. इस्त्रीवाल्याकडे आपण ‘स्टार्च’ मागतो ते यामुळे.

याच जागी ‘गंजी’ या शब्दाची एक गल्लत सांगतो, कारण ठाणे-भिवंडीकडे ती रोज कानावर येते. भिवंडीत पद्मशाली समाजाची तेलुगू बोलणारी वस्ती मोठी आहे. त्यांच्या घरात ‘गंजि’ म्हणजे पेज किंवा खळ. बिहार-बंगालकडून आलेल्या कामगाराच्या तोंडी ‘गंजी’ म्हणजे बनियन. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘गंजीफ्रॉक’ म्हणत तोच तो. हा शब्द इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या गर्न्सी या बेटाचा. तिथल्या कोळ्यांच्या विणलेल्या अंगरख्याला ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणत, त्याचा बंगालीत ‘गेंजी’ आणि मराठीत ‘गंजीफ्रॉक’ झाला. शेतातली गवताची गंजी आणि सावंतवाडीची गंजिफा हे आणखी वेगळे. एकाच कारखान्यात ‘गंजी’ म्हटल्यावर एकाला खळ आठवते आणि दुसऱ्याला बनियन. शिवाय ‘बनियन’ हे वाणी लोकांच्या नावावरून इंग्रजांनी पाडलेले कपड्याचे नाव. म्हणजे गर्न्सीच्या बेटावरून आलेले वस्त्र इथे देशी वाटते आणि वाण्यांच्या नावाचे विलायती.

कांजीवरमविषयी. हे गावाचे नाव आहे, कांचीपुरम. तमिळमध्ये नगराचे नाव उच्चारताना ‘का’ दीर्घ आहे, ‘कांजि’. पेजेचा ‘क’ ऱ्हस्व आहे, ‘कंजि’. तमिळ माणूस हे दोन शब्द कधीच एक समजणार नाही. घोटाळा झाला इंग्रजी स्पेलिंगमुळे. इंग्रजांनी नगराच्या नावाचा पहिला भाग आणि पेज दोन्ही एकाच तऱ्हेने लिहिले, आणि मराठीत दोन्ही ‘कांजी’ झाले. संस्कृतात ‘कांची’ म्हणजे कमरपट्टा, तोही वस्त्राभरणाचा शब्द, पण त्याचाही पेजेशी संबंध नाही. कापडाला गावाचे नाव पडणे ही तर नेहमीची रीत आहे. पैठणी पैठणची, चंदेरी चंदेरीची, कॅलिको कालिकतचे, आणि इंग्रजीतले ‘डंगरी’ हे जाडेभरडे कापड आपल्या मुंबईच्या डोंगरीचे. कांजीवरम त्याच रांगेत बसते. तिथले विणकर रेशमी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, तांदळाच्या पाण्याची खळ देतात हे खरे, पण ताण्याला खळ कुठला विणकर देत नाही? त्यावरून नाव पडायचे तर भिवंडीच्या प्रत्येक कापडाला कांजीवरम म्हणावे लागेल.

ताण्याला खळ का लागते, हे कळले की घरच्या खळीतले निम्मे घोटाळे आपोआप सुटतात. मागावर ताण्याचे धागे ताणलेले असतात आणि प्रत्येक फेऱ्याला फणी त्यांच्यावर घासत जाते. सुती धाग्याला बारीक केस असतात, ते घासून उठतात, एकमेकांत अडकतात आणि धागा तुटतो. खळ ते केस धाग्याला चिकटवून बसवते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यावर हा ताण नसतो, म्हणून बाण्याला खळ लागत नाही. भिवंडीत यंत्रमागाकडे जाणारा ताणा आधी गरम खळीतून काढतात, पिळतात, तापलेल्या रुळांवर वाळवतात आणि मग बिमावर गुंडाळतात. कोरे कापड हाताला करकरीत लागते ते या खळीमुळे. पहिल्या धुण्यात ते मऊ पडले म्हणजे कापड हलके निघाले असे नव्हे, खळ निघाली एवढेच. कोरी सुती साडी किंवा मांजरपाट आधी रात्रभर गार पाण्यात भिजवून मगच शिवायला किंवा रंगवायला द्यावे. खळ अंगावर असताना रंग डागाडागाने बसतो.

आता घरची खळ. तांदूळ शिजतो तेव्हा त्यातले पिष्ट (स्टार्च) साधारण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान फुगते आणि थोडे पाण्यात उतरते. कापडावर थर धरते ते हे उतरलेले. म्हणून तांदूळ कोणता यावर सगळे आहे. उकड्या तांदळात पिष्ट आधीच एकदा फुगून बसलेले असते, ते पाण्यात कमी उतरते. उकड्याची पेज चांगली, दाणा आख्खा आणि पाणी निवळ, पण त्याच्या पाण्याने साडी उभी राहत नाही. खळीला सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ घ्यावा, त्यातही कोलमसारखा मोकळा. इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाची खळ इस्त्रीला चिकटते. आख्खा तांदूळ वापरायचीही गरज नाही, वाशीच्या दाणाबाजारात किंवा नाक्यावरच्या वाण्याकडे कणी मिळते, ती पुरे.

एका सुती साडीला 100 ग्रॅम कणी, दोन लिटर पाणी. मीठ, तूप काही नाही. मंद आचेवर अर्धा तास, दाणा फुटेपर्यंत. झाकण पूर्ण लावू नये, पिष्टाचा फेस धरून पाणी उतू जाते. गरम असतानाच मलमलीतून गाळावे, आणि गाळताना पुरचुंडी पिळू नये. पिळले की दाण्याचा लगदा खाली उतरतो, आणि इस्त्रीनंतर गडद साडीवर जे पांढरे पापुद्रे दिसतात ते त्याचे. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर पिष्ट गोठून गाठी झालेल्या असतात, मग कितीही चाळले तरी त्या जात नाहीत. गाळून सव्वा लिटरच्या आसपास पाणी मिळते. त्यात तीन लिटर कोमट पाणी मिसळावे. गडद रंगाला चार लिटर, आणि दोनदा गाळावे. पांढऱ्या धोतराला नीळ द्यायची तर ती वेगळ्या वाटीत विरघळवून मग घालावी.

साडी स्वच्छ धुतलेली, पिळलेली आणि ओली हवी. कोरडी साडी खळीत टाकली तर जो भाग आधी बुडतो तो जास्त पितो, आणि साडी एका टोकाला पुठ्ठ्यासारखी, दुसऱ्या टोकाला लुळी होते. तीन-चार मिनिटे वरखाली करून हलक्या हाताने दाबून काढावी, पीळ देऊ नये, पिळाच्या रेषा खळीत तशाच वाळतात. झटकून, काठ सरळ ओढून सावलीत. पूर्ण वाळायच्या आधी, किंचित दमट असतानाच इस्त्री. वाळलीच तर पाणी शिंपडून अर्धा तास गुंडाळून ठेवावी. इस्त्रीखाली करकर वाजून घडीवर पांढरी रेघ उठली तर खळ जाड झाली असे समजावे आणि साध्या पाण्यातून एकदा काढावी.

उरलेल्या वेळणीच्या पाण्याने हेच करता येते, पण तीन गोष्टी बघायच्या. भात मिठाचा असेल तर नको. मीठ हवेतला ओलावा ओढते, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत अशी साडी दिवसभर अंगाला चिकटत राहते. तुपाचा थेंब पडलेला असेल तर इस्त्रीखाली डाग उमटतो. आणि पाणी आदल्या दिवसाचे, आंबलेले नको. आंबताना पिष्ट तुटत जाते, थर धरायची त्याची शक्ती जाते आणि कापडाला वास येतो तो वेगळा. कांजिकाचे दोन अर्थ इथे खरोखर एकमेकांच्या विरुद्ध आहेत : जी कांजी पोटाला औषध ती कापडाला निरुपयोगी.

तांदूळ नसेल तर साबुदाणा. 50 ग्रॅम चार तास भिजवून एक लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, गाळावा, तेवढ्यात दोन साड्या होतात. आरारूट किंवा मैदा आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात धार धरावी, उलटे केले की गोळे. कृत्रिम धाग्याच्या साडीला यातले काहीच करू नये. कापूस आणि पिष्ट दोन्ही मुळात साखरेच्याच साखळ्या, म्हणून ती एकमेकांना धरतात. पॉलिएस्टरवर खळ नुसती वर बसते आणि भुकटी होऊन झडते. रेशमाला घरी खळ देऊ नये, कांजीवरमला तर नाहीच.

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी वाचकांनी कपाट उघडावे. खळ म्हणजे अन्न, आणि कपाटात ते कसरीचे आणि झुरळांचे अन्न होते. कसर पिष्ट खाताना खालचा धागाही कुरतडते, म्हणून भोके पडतात, विशेषतः जिथे खळ जाड असते तिथे. ठाणे आणि नवी मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांवर असते, त्यात खळीवर बुरशीचे करडे ठिपके धरतात. शिवाय ताठ कापड एकाच घडीवर महिनोन् महिने राहिले की घडीच्या रेषेवर धागा मोडतो. जुन्या नारायणपेठ आणि इरकली साड्या नेमक्या घडीवरच फाटलेल्या निघतात ते यामुळे.

नेसायची असेल तेव्हाच कांजी करावी. ठेवायची साडी कोमट, 40 अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन तास भिजवावी, साबणाने धुवून दोन पाण्यांतून काढावी. खळ गेली की नाही याची खात्री करायची तर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब दहा थेंब पाण्यात घालून काठाच्या आतल्या दुमडीला लावावा. निळाकाळा डाग पडला तर खळ आहे, तपकिरीच राहिला तर नाही. ती जागा लगेच धुवावी. ज्या साडीतून खळ निघत नाही तिला पिष्ट तोडणारे, ‘एन्झाइम’ असलेले साबणचूर्ण लागते. आपल्या लाळेत भात गोड करणारे जे द्रव्य असते त्याच जातीचे हे, आणि गिरण्यांत कोऱ्या कापडाची खळ काढायलाही तेच वापरतात. साडी पुरती वाळल्यावर जुन्या सुती कापडात गुंडाळावी आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. आपल्या चौकटीतला सल्ला वाचून ज्यांनी साड्या कांजी करून रचून ठेवल्या असतील त्यांना त्या धुऊन वाळवायला तेवढे ऊन पुरेल, म्हणून ही दुरुस्ती येत्या रविवारीच छापावी.

आपला,
एक वाचक,
ठाणे (पश्चिम)